आवर्ती ठेव आणि हरेगावची यात्रा



यंदा संवत्सरी ऑगस्टअखेरीसच आली. प्रतिक्रमण झाले, पारणी झाली, आप्तेष्टांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून झाले. नोकरीत असताना मी दरवर्षी क्षमापनेची छापील कार्डे पाठवीत असे. त्यासाठी एक वही केली होती. तीत सुमारे तीनशे नावे होती : नातेवाईक, सहकारी, शाखेतील मोठे व्यापारी खातेदार, आडते, कापड दुकानदार. निवृत्तीनंतर कार्डे बंद झाली, तरी वही कपाटात राहिली. यंदा ती चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांचा मी खरोखर अपराध केला होता, असे त्या तीनशे जणांत फारसे कोणी नव्हते. आणि ज्या एका व्यक्तीचा अपराध मला नेमका आठवत होता, तिचे नाव त्या वहीत कधी लिहिलेच गेले नव्हते.

म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच हरेगावला गेलो. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला मतमाऊलीची, म्हणजे येशूची माता पवित्र मरिया हिची यात्रा भरते. आपल्या घरांतील माणसाने चातुर्मासात कॅथॉलिक ख्रिस्ती बांधवांच्या यात्रेला जावे, हे ऐकून घरात थोडे आश्चर्य झाले. "तेथे काय आहे तुमचे?" असे सौभाग्यवतींनी विचारले. "एक जुनी एंट्री राहिली आहे," एवढेच मी सांगितले. चिरंजीव गाडी आणि ड्रायव्हर देत होते. ते नाकारले, खाकरे व फुटाणे पिशवीत टाकले आणि राहुरीमार्गे श्रीरामपूरची एस. टी. धरली.

ती एंट्री अशी. १९८८ साली मी श्रीरामपूर येथील एका बँक शाखेत अधिकारी होतो. हरेगावच्या साखर कारखान्यातील एका मृत कामगाराची विधवा आमची खातेदार होती. दरमहा वीस रुपयांची आवर्ती ठेव, मुदत एक वर्ष. हप्ता भरायला ती हरेगावहून यायची, कधी बसने तर कधी कोणाच्या बैलगाडीतून. वर्षभरात हप्ता चुकल्याचे मला आठवत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवीची मुदत भरे. व्याजासह अडीचशेच्या आसपास रक्कम होई. ती संपूर्ण काढून घेऊन बाई त्याच दिवशी नवी ठेव वीस रुपयांनी सुरू करी. तीन वर्षे हे पाहिल्यावर मी तिला विचारले, की या पैशांचे होते काय. ती म्हणाली, यात्रा असते. माहेरची माणसे तीन दिवस चालत येतात. त्यांना दोन रात्री जेवू घालते.

आणि मी, एम. कॉम. झालेला, तिशीही न गाठलेला अधिकारी, काउंटरवर चार माणसांदेखत तिला व्याख्यान देऊ लागलो. असा पैसा उडवू नये, मुदत ठेवीत गुंतवावा, पाच वर्षांत किती होतील, मुलाच्या शिक्षणाला येतील, यात्रा-जत्रांनी गरीब माणूस गरीबच राहतो, वगैरे. माझा आवाज थोडा चढलाही असावा. रांगेतील कोणीतरी हसले. बाईने अंगठा उमटवला, नोटा पदरात बांधल्या आणि म्हणाली, "सायेब, तुमी येकदा यात्रंला या. मग सांगा." मी "येईन की" म्हटले. पुढच्या महिन्यात हप्ता आला नाही. नोव्हेंबरात लेजर पाहिले तेव्हा कळले, की माझ्या रजेच्या दिवशी येऊन तिने ठेव मोडली होती आणि बचत खातेही बंद केले होते.

त्याच वर्षी आमच्या घरी चातुर्मासानिमित्त स्वामीवात्सल्य झाले होते. बोलीही आम्ही घेतली होती. त्या रकमेत बाईच्या कित्येक आवर्ती ठेवी बसल्या असत्या. पाच वर्षांच्या मुदत ठेवीचा हिशेब मी वडिलांना मांडून दाखविला नाही. तसे सुचलेही नाही.

हरेगाव म्हणजे काय, हे नव्या पिढीतील वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी या कोरड्या मुलखात ऊस आणला. त्याच काळात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना हरेगावला उभा राहिला. प्रवरानगरचा सहकारी कारखाना निघाला तो स्वातंत्र्यानंतर; हरेगावची चिमणी त्याच्या फार आधीची. सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन साखर कंपन्यांकडे सोपविल्या होत्या. पुढे १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले आणि कमाल जमीन धारणेच्या कायद्याने त्या जमिनी महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांना आपल्या जमिनींसाठी किती काळ झगडावे लागले, हे आपल्यापैकी अनेकांनी गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकले असेल. ऊस, गूळ आणि साखर यांच्या बळावर श्रीरामपूरची पेठ वाढली. आपल्या समाजातील किती कुटुंबे राजस्थानातून येऊन येथे स्थिरावली, त्याचे मूळही याच कालव्याच्या पाण्यात आहे. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर मात्र आजही 'बेलापूर' हेच नाव आहे.

कारखान्यातील व मळ्यांवरील कामगारांत कॅथॉलिक कुटुंबे पुष्कळ होती. नगरचे ख्रिस्ती म्हटले, की आपल्याला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात. पण ते अमेरिकन मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे. अमेरिकन मिशन नगरला आले १८३१ साली. कॅथॉलिकांचे काम वेगळे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतरच्या काळात जर्मन भाषक जेजुइट धर्मगुरू राहुरी तालुक्यातील केंदळ येथे आले आणि तेथून संगमनेर, राहाता, वळण अशा गावांत त्यांच्या शाळा व चर्च उभी राहिली. शिवेबाहेर राहणारी, गावच्या विहिरीवर पाणी भरू न दिली जाणारी माणसे त्यांच्याकडे गेली. ती का गेली, याची उत्तरे आपण सवर्ण आणि व्यापारी मंडळींनी आपापल्या सोयीने देऊन ठेवली आहेत. विहिरीचा उल्लेख त्यांत क्वचितच असतो.

या धर्मगुरूंनी मराठी मनापासून शिकून घेतली. परंपरा जुनीच होती. फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. 'निरोप्या' हे त्यांचे मराठी मासिक १९०३ साली सुरू झाले. आपल्यासारख्या समाज-मासिकांच्या वाचकांना या वर्षाचे महत्त्व सांगायला नको. वर्गणीदार टिकविणे किती कठीण असते, ते आपले संपादक जाणतात.

हरेगावची मतमाऊली यात्रा १९४९ साली सुरू झाली. ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन मानला जातो. त्याच्या आधीचे नऊ दिवस रोज प्रार्थना असते, तिला 'नोव्हेना' म्हणतात; आणि त्या सुमाराच्या शनिवार-रविवारी यात्रा भरते. मुंबईला बांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा याच दिवसांत असते, दक्षिणेत वेलांकण्णीची मोठी यात्राही ८ सप्टेंबरलाच पुरी होते. फरक एवढाच, की बांद्र्याच्या जत्रेची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात आणि हरेगावला येणारे लोक एस. टी. ने, टेम्पोने किंवा पायी येतात.

शनिवारी तीनच्या सुमारास मी हरेगाव फाट्यावर उतरलो. आभाळ भरून आले होते. फाट्यापासून पुढे रस्ता माणसांनीच भरलेला. पायी चालणाऱ्यांचे जथे, पुढे झेंडा, मागे म्हाताऱ्या बायका, काखेत मुले, डोक्यावर गाठोडी. भजन चालले होते. टाळ तोच, ढोलकी तीच, चालही ओळखीची. डोळे मिटून ऐकले असते तर दिंडीच वाटली असती. पंढरीच्या वारीत आणि या जथ्यात मला दिसलेला भेद म्हणजे, येथे बऱ्याच जणांच्या गळ्यात तुळशीऐवजी क्रूस लटकविलेली जपमाळ होती.

संत तेरेजा चर्चच्या आवारात मेणबत्त्यांची, हारांची, मूर्तींची दुकाने होती. पलीकडे पाळणे, बांगड्या, खेळणी, रेवड्या. मांसाहारी खाणावळींचा वास एका बाजूने येत होता. मी रुमाल नाकाला लावून पुढे सरकलो आणि लगेच ओशाळून तो खिशात ठेवला. कोणी मला येथे बोलावणे पाठविले नव्हते. मतमाऊलीच्या दर्शनाच्या रांगेत लुगडे नेसलेल्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या स्त्रियाही होत्या. त्यांतील एकीने सांगितले, की लेकीला मूल झाले म्हणून नवस फेडायला आले. देव कोणाचाही असो, आईच आहे ना. हे तत्त्वज्ञान आपल्या कर्मसिद्धांतात बसणारे नाही. जगाचा कर्ता मानायचा नाही, नवस करायचा नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. (तरी मुलाची दहावी आली की कोणत्या कोणत्या तीर्थांना कोण काय बोलते, ते मी येथे लिहीत नाही.)

मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले ते पापनिवेदनाच्या जागेने. झाडांखाली अंतराअंतरावर खुर्च्या मांडून धर्मगुरू बसले होते. प्रत्येकापुढे रांग. माणूस जाई, गुडघे टेकी, कानाशी काही बोले. धर्मगुरू ऐकत, दोन शब्द सांगत, हात उंचावून क्षमेचे शब्द उच्चारत. माणूस उठे तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये असे मला वाटले, तरी मी पाहिले. आपल्याकडे गुरुमहाराजांपुढे आलोचना करतात आणि ते प्रायश्चित्त देतात, त्याची मला आठवण झाली. या धर्मगुरूंवर गुप्ततेचे कडक बंधन असते. ऐकलेले पाप प्राण गेला तरी दुसऱ्याला सांगायचे नाही. खातेदाराच्या व्यवहाराची गुप्तता पाळण्याची शपथ आम्हीही घेतो. पण बाईची ठेव मी चार माणसांदेखत चव्हाट्यावर मांडली होतीच की!

एक भेदही जाणवला. त्यांची क्षमा देवाकडून येते, धर्मगुरू तिचे माध्यम. आपली क्षमापना मात्र ज्याला दुखावले त्याच्याकडेच जाऊन मागायची असते. तेथे मध्यस्थ चालत नाही. माझी अडचण हीच होती.

पाच वाजून गेल्यावर एका मांडवाशेजारी बसून मी खाकरे काढले. सूर्यास्तापूर्वी आटोपायचे होते. मांडवात मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती आणि चार-पाच बायका पायी आलेल्यांना पाणी देत होत्या. त्यांतील साठीच्या एका बाईंनी माझ्या हातातील खाकरा पाहिला आणि विचारले, "बाबा, पाणी उकळलेलं लागंल का? तुमच्यातली मान्सं उकळलेलं पितात ना? माझी आई मारवाड्यांकडं धुण्याला होती." मी होय म्हणालो. त्यांनी चहाच्या चुलीवर स्वच्छ पातेली ठेवून पाणी उकळले आणि निववून दिले. खिचडीत कांदा-लसूण असल्याचेही त्यांनीच न विचारता सांगितले, म्हणून आग्रह केला नाही.

मग मुख्य मिस्सा सुरू झाली. साठच्या दशकातील व्हॅटिकन परिषदेपूर्वी ती लॅटिनमध्ये होत असे; आता सर्व प्रार्थना मराठीत. व्यासपीठावर झगे घातलेल्या धर्मगुरूंची रांग आणि समोर मैदानभर बसलेली माणसे. प्रवचन ऐकताना मला आपल्या स्थानकाची सवय आठवली : मागच्या रांगेत येथेही बायका हलक्या आवाजात सुनांविषयी बोलत होत्या आणि मुले पेंगत होती. ख्रिस्तप्रसाद वाटण्याची वेळ आली तेव्हा सूचना झाली, की तो त्यांच्या धर्माची दीक्षा घेतलेल्यांनीच घ्यावा. सारे मैदान उठले आणि मी बसून राहिलो. आपल्याकडे प्रभावना दारात उभ्या असलेल्या कोणालाही मिळते, असा विचार मनात आला. पण लगेच असेही वाटले, की आपल्या घरांतील पाण्याच्या माठाला कोण कोण हात लावू शकत होते, हेही मला ठाऊक आहे. शेजारच्या लहान मुलाने विचारले, "आजोबा, तुम्ही नाही जात?" "मी पाहुणा आहे," मी म्हणालो. त्याला ते पुरेसे वाटले.

अंधार पडल्यावर मी बाईची चौकशी सुरू केली. कारखाना बंद पडून अनेक वर्षे झाली. कामगारांच्या खोल्यांत आता कोण राहते, हे सांगणारेही थोडेच. दोन जणांनी नाव ऐकून मान हलवली. शेवटी पुन्हा त्याच मांडवापाशी आलो आणि पाणी देणाऱ्या बाईंना विचारले. त्यांनी नाव ऐकले, हातातला तांब्या खाली ठेवला. "ती व्हय? ती जाऊन पंचवीस वर्सं झाली. पोरगा पिंपरीला गेला, कंपनीत हाय." जरा थांबून म्हणाल्या, "हे खिचडीचं तिनंच चालू केलं ना. आधी तिच्या खोलीपुढं व्हायचं. ती गेल्यावर आमी बायांनी घेतलं. आता बचत गट हाय आमचा, बत्तीस घरं. म्हैन्याला शंभर टाकतो."

मी कोण, हे त्यांनी विचारले. बँकेत होतो, श्रीरामपूरला, एवढेच सांगितले. काउंटरवरचा प्रसंग सांगायचे धैर्य झाले नाही. खरे तर त्यासाठीच आलो होतो.

बँक म्हटल्याबरोबर त्यांनी आतून एक वही आणली. गेले तीन दिवस हिशेब जुळत नव्हता. वर्षाची जमा अडतीस हजार चारशे, ती बरोबर होती. खर्चाचा आकडा आणि डब्यातील शिल्लक यांची बेरीज मात्र जमेपेक्षा दोनशे सत्तर रुपयांनी कमी येत होती. कोणीतरी पैसे घेतले असा संशय एकीवर येऊ लागला होता आणि ती मांडवाच्या टोकाला गप्प बसून कांदे चिरत होती. मी चष्मा लावला, बल्बखाली पाट मागितला. दोनशे सत्तरला नऊने भाग जातो. दुकानाच्या किर्दीवर वाढलेल्या वाचकांना पुढचे सांगायला नकोच : फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, की आधी अंक उलटे पडले आहेत का ते पाहायचे. किराण्याच्या पावत्या एकेक करून पाहिल्या. डाळीचे बिल १,४१० रुपयांचे होते आणि वहीत १,१४० लिहिले गेले होते. कांदे चिरणाऱ्या बाईंना बोलावून दाखविले. त्यांनी पावती पाहिली, वही पाहिली, पुन्हा पावती पाहिली आणि डोळे पदराने पुसले, कांद्यानेही असेल.

परतीची गाडी नऊला होती. येताना बसमध्ये मी एक हिशेब करून ठेवला होता. बँकवाल्याची खोड! १९८८ चे अडीचशे रुपये, वर्षाला आठ टक्के चक्रवाढ, सदतीस वर्षे : चार हजार तीनशे अकरा. पाच वर्षांत किती होतील, हे मी बाईला सांगितलेच होते. सदतीस वर्षांचे तेवढे राहिले होते. ती रक्कम मोजून मी गटाच्या वहीवर ठेवली. बाहेरचे पैसे पावतीशिवाय घ्यायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता आणि तो मला आवडला. पावती पुस्तक उघडून त्यांनी विचारले, "कुनाच्या नावानं?"

मी त्या बाईचे पूर्ण नाव सांगितले. त्यांनी ते सावकाश लिहिले, मग वर पाहिले.

"तुमच्या कोन व्हत्या?"

"आमच्या शाखेच्या खातेदार," मी म्हणालो.